चिंधीचा ठावठिकाणा

भारतात ठशांनी छापलेलं मध्ययुगातलं सुती कापड पाहायचं असेल, तर भारतात शोधून फारसं काही हाती लागत नाही. ते सापडतं इजिप्तच्या वाळूत आणि इंडोनेशियातल्या काही घराण्यांनी पिढ्यानपिढ्या जपलेल्या पेटाऱ्यांत. गुजरातच्या बंदरांतून जहाजावर चढलेलं कापड जिथे पोचलं तिथे टिकलं. जिथे ते विणलं, रंगवलं आणि छापलं, तिथे मात्र पावसाळ्यांनी, वाळवीनं आणि बुरशीनं त्याचं नामोनिशाण ठेवलं नाही. हे पुस्तक इजिप्तमध्ये टिकलेल्या कापडाविषयी आहे, आणि त्यातही मुख्यतः एका जागेविषयी. ती जागा म्हणजे तांबड्या समुद्राच्या काठावरचं कुसैर अल-कदीम, जुनं कुसैर. आजच्या कुसैर गावापासून ते उत्तरेला सुमारे ८ किलोमीटरवर आहे.

आधी भूगोल सांगायला हवा, कारण या बंदराचं नशीब वाऱ्यानं ठरवलं. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वर्षाचा बहुतेक काळ वारा उत्तरेकडून वाहतो. शिडाच्या जहाजानं त्या वाऱ्याच्या तोंडावर सुएझपर्यंत जायचं म्हणजे प्रवाळाच्या खडकांमधून आठवडेच्या आठवडे वाट काढायची. व्यापाऱ्यांनी त्यावर तोड काढली होती. जहाज दक्षिणेकडच्या एखाद्या बंदरात रिकामं करायचं, माल उंटांवर लादायचा, पूर्वेचं वाळवंट ओलांडून नाईलकाठी यायचं आणि तिथून नदीच्या प्रवाहाबरोबर होडीनं कैरो गाठायचं. कुसैरपासून नाईलकाठच्या कूस शहरापर्यंतचं अंतर दीडशे किलोमीटरांहून जास्त आहे. मधे वादी हम्मामतचा उघडाबोडका डोंगराळ प्रदेश लागतो. फेरोंच्या काळापासून दगडाच्या खाणींसाठी ही वाट माणसांच्या पायाखालची होती. पाणी विहिरींच्या मुक्कामावर मिळेल तेवढंच.

अशा वाटांवरून किती माल जात असेल, याची कल्पना इब्न जुबैर देतो. ग्रानाडाहून हजला निघालेला हा प्रवासी ११८३ साली कूसहून ऐधाब या आणखी दक्षिणेकडच्या बंदराकडे गेला. वाटेत समोरून येणारे तांडे मोजायचा त्यानं प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. हिंदुस्थानातून आलेल्या मिरीची ओझी रस्त्याकडेला तशीच टाकलेली त्यानं पाहिली. वाहणारा उंट दमला किंवा मेला की ओझं तिथेच ठेवून तांडा पुढे जायचा आणि मालक परत येईपर्यंत त्याला कुणी हात लावत नसे. मिरीबद्दल असं लिहिणारे प्रवासी भेटतात. कापडाबद्दल इतक्या आपुलकीनं लिहिणारं कुणी नाही. कापड गाठोड्यात बांधलेलं असतं, त्याला वास नसतो, आणि अंगावर चढलं की ते परक्या देशाचं आहे हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. म्हणून कापडाची साक्ष कापडालाच द्यावी लागते.

कुसैर अल-कदीमची दोन आयुष्यं आहेत. पहिलं रोमन. भूगोलकार स्ट्राबो इसवी सनापूर्वी २५च्या सुमारास इजिप्तमध्ये होता. मायोस होर्मोस या बंदरातून १२० जहाजं भारताकडे जातात, असं त्यानं नोंदवलं आहे. हे बंदर नेमकं कुठलं, यावर बरीच वर्षं वाद चालला. ते कुसैर अल-कदीमच, हे आता मान्य झालं आहे. तिथल्या रोमन थरांत तमिळ-ब्राह्मी लिपीत ‘कणन्’ आणि ‘चातन्’ अशी नावं कोरलेली खापरं मिळाली. सुती शिडांचे तुकडे मिळाले, आणि एका तुकड्याला शीड आवरायचा दोर ओवण्याची कडी अजून जागच्या जागी आहे. त्या शिडाचं सूत भारतीय पद्धतीचं आहे. पुढे तिसऱ्या शतकात बंदर ओस पडलं. जवळजवळ हजार वर्षांनी, अय्यूबी सुलतानांच्या काळात, तिथे पुन्हा वस्ती झाली. ती मामलुकांच्या राजवटीत नांदली आणि पंधराव्या शतकात संपली.

हा हजार वर्षांचा खंड अभ्यासकाच्या फार कामी येतो. एखाद्या गावात माणसं अखंड राहत असतील तर ती जुने खड्डे उकरतात, भिंती पाडतात, त्याच विटा पुन्हा वापरतात आणि शतकांची सरमिसळ करून टाकतात. इथे रोमन थर वेगळा राहिला आणि वरचा इस्लामी थर वेगळा. त्या वरच्या थरात सापडलेलं भारतीय कापड तेराव्या ते पंधराव्या शतकाच्या आसपासचं धरायला भक्कम आधार आहे. शिकागो विद्यापीठाच्या डोनाल्ड व्हिटकोम आणि जॅनेट जॉन्सन यांनी १९७८, १९८० आणि १९८२ साली इथे उत्खनन केलं. पुढे १९९९ ते २००३ या काळात साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या डेव्हिड पीकॉक आणि लूसी ब्लू यांच्या चमूनं काम केलं. दोन्ही वेळा कापड निघालं, आणि दोन्ही वेळा ते कुठल्या खड्ड्यातून, कुठल्या थरातून, कशाच्या शेजारी निघालं याची नोंद झाली. हा मुद्दा मी पुढे पुन्हा घेणार आहे, कारण माझ्या मते हे सगळं पुस्तक त्याच्यावर उभं आहे.

निघालं ते बहुतांश उकिरड्यातून. या भागात पाऊस जवळजवळ पडतच नाही. वाळू कोरडी आणि खारट, त्यामुळे दोर, टोपल्या, चामड्याची पायताणं, कागद, बिया, सालं, काथ्या असं सगळं तसंच राहिलं. मारिके व्हान डेर फेन यांनी इथल्या वनस्पतींच्या अवशेषांचा अभ्यास केला. इस्लामी थरातल्या त्यांच्या यादीत मिरी, तांदूळ, नारळ, वेलदोडा, आलं, हळद आणि सुपारी आहे. ही यादी मराठी घरातल्या फडताळाची म्हणून खपून जाईल. इथले लोक काटकसरी होते हेही दिसतं. गावच्या दफनभूमीत काही कबरींवर जुन्या जहाजांच्या फळ्या झाकणासारख्या घातलेल्या आढळल्या. फळ्यांच्या कडांना एका ओळीत भोकं आहेत आणि डांबराचे थर आहेत. खिळे न मारता दोरानं फळ्या शिवून बांधलेल्या जहाजांच्या त्या फळ्या. जिथे लाकूड उगवत नाही तिथे मोडलेलं जहाजसुद्धा माणसं शेवटपर्यंत वापरतात. मग कापडाची काय कथा! कुसैरच्या उकिरड्यात गेलेलं कापड खऱ्या अर्थानं टाकाऊ झालेलं होतं. ते आधी अंगावर, मग ठिगळ म्हणून, मग फडकं म्हणून वापरून झालेलं होतं.

या गावात राहत कोण होतं, हेही आपल्याला कळतं. शिकागोच्या चमूला एका घराच्या परिसरात तेराव्या शतकातल्या अरबी पत्रांचे आणि हिशेबांचे कागद मिळाले. अबू मुफर्रिज नावाचा शेख आणि त्याचा मुलगा इब्राहिम यांचा हा व्यवसाय. अभ्यासक ली गुओ यांनी हे कागद वाचून २००४ साली प्रसिद्ध केले. वाचताना सर्वांत आधी जाणवतो तो व्यवहाराचा साधेपणा. माल आहे मुख्यतः गहू आणि पीठ. नाईलच्या खोऱ्यातलं धान्य वाळवंट ओलांडून कुसैरला यायचं आणि तिथून समुद्रापलीकडे हिजाझला, मक्का-मदिनेच्या बाजूला जायचं. अमक्याबरोबर इतक्या गोण्या पाठव, तमक्याचे पैसे चुकते कर, लवकर ये, असा मजकूर. ताडपत्रीखाली गोण्या मोजणाऱ्या माणसांचं हे गाव होतं. सुलतानाचे सरदार इथे राहत नव्हते. इथे सापडलेलं भारतीय कापड अशा गावातल्या माणसांनी वापरलेलं आहे, ही गोष्ट वाचकानं मनात पक्की धरून ठेवावी.

आता कापडाकडे येऊ. कापड वाचायची सुरुवात नक्षीपासून होत नाही, सुतापासून होते. एक धागा उभा धरून भिंगाखाली पाहिला तर पिळाची दिशा दिसते. तंतू डाव्या खालच्या बाजूकडून उजव्या वरच्या बाजूकडे चढत असतील तर त्याला ‘झेड’ पीळ म्हणतात, उलट असतील तर ‘एस’ पीळ. इजिप्तमध्ये हजारो वर्षं अळशीच्या तंतूंपासून सूत काढलं जात होतं. अळशीचा तंतू भिजून वाळताना आपणहून ‘एस’च्या दिशेनं वळतो, म्हणून तिथल्या कातणाऱ्यांचा हात त्याच दिशेला बसला, आणि लोकर किंवा कापूस कातायची वेळ आली तरी तो सहजी बदलला नाही. भारतातलं सुती सूत मात्र ‘झेड’ पिळाचं. त्यामुळे इजिप्तच्या उकिरड्यात ताणा आणि बाणा दोन्ही ‘झेड’ पिळाचे असलेला सुती तुकडा दिसला की अभ्यासक सावध होतो. एवढ्यावर निकाल मात्र देता येत नाही, कारण ‘झेड’ पिळाचं सूत पश्चिम आशियातही इतर ठिकाणी काततात. पिळाची साक्ष रंगाच्या साक्षीशी जुळली पाहिजे.

आणि रंगाची साक्ष मोठी बोलकी आहे. कुसैरच्या भारतीय तुकड्यांत निळ्या अंगावर पांढरी नक्षी असलेले बरेच आहेत. हा निळा नीळ या झाडाचा. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिला आंबवून पिवळट-हिरव्या द्रावणात उतरवावं लागतं. कापड त्या हौदात बुडवून बाहेर काढलं की ते आधी हिरवट दिसतं आणि हवा लागेल तसतसं डोळ्यांदेखत निळं होत जातं. जिथे पांढरं ठेवायचं तिथे आधीच मेण, चिखल किंवा चुना-डिंकाचा लेप ठशानं लावून ठेवायचा, म्हणजे तिथे निळीला शिरकाव होत नाही. निळीचा हौद उकळावा लागत नाही, कोमट पुरतो, म्हणून हा लेप टिकतो. तांबड्याचं गणित वेगळं. मंजिष्ठा किंवा आलीच्या मुळांचा रंग चढवायला कापड उकळावं लागतं, आणि उकळत्या पाण्यात मेण कसलं राहतंय! म्हणून तांबड्यासाठी उलटी युक्ती. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, ठशानं तुरटी लावायची आणि मग रंगात उकळायचं. जिथे तुरटी आहे तिथे तांबडा पक्का बसतो, बाकीचा धुऊन जातो. तुरटीऐवजी गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून केलेलं पाणी लावलं तर हिरड्याबरोबर तिथे काळा उठतो.

या काळ्याची एक खोड आहे. लोखंडाचा अंश कापसाला हळूहळू खातो. जुन्या तुकड्यांत कधी तांबडं फूल शाबूत असतं आणि त्याभोवतीची काळी रेघ जिथे होती तिथे फक्त बारीक चीर उरलेली असते. रेघ गेली, पण तिच्या आकाराची पोकळी राहिली. छापणाऱ्यानं कुठे काळा लावला होता ते आपण आता त्या पोकळीवरून ओळखतो. आणखी बारकाईनं पाहिलं तर दोन ठसे जिथे एकमेकांना भिडतात तिथे नक्षी किंचित सरकलेली दिसते, वेल तुटते, ठिपके एकावर एक येतात. छापणारा भराभर काम करत होता. उत्तम कारागिरीचा नमुना म्हणून हे कापड कुणी दाखवणार नाही. पण एक माणूस दिवसाकाठी बरंच कापड उरकत होता आणि त्याच्या मालाला मागणी होती, हे त्या सरकलेल्या सांध्यातून कळतं. कच्छमध्ये धमडका आणि अजरखपूर इथले खत्री कारागीर आजही हिरडा, तुरटी, लोखंडाचं पाणी, चुना-डिंक आणि नीळ वापरूनच अजरख छापतात. सातशे वर्षांपूर्वीचा तुकडा आणि आजचा अजरख शेजारी ठेवले तर रसायन एकच असल्याचं ध्यानात येतं. मला यात अभिमानापेक्षा एक सोय जास्त दिसते. जुना तुकडा कसा केला असेल हे विचारायला जिवंत माणसं आहेत.

इथे फुस्तातचं नाव घ्यावंच लागेल. इजिप्तमधल्या भारतीय कापडाची ख्याती कुसैरच्या आधी फुस्तातमुळे झाली. सातव्या शतकात अरबांनी वसवलेलं हे शहर आता कैरोच्या पोटात गेलं आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कैरोच्या बाजारात दुकानदार छापील सुती तुकडे विकू लागले आणि ‘फुस्तातचं’ म्हणून युरोपातल्या संग्राहकांच्या हाती देऊ लागले. हे कापड भारतीय आहे, हे नीट मांडून दाखवलं ते रुडॉल्फ फिस्टर यांनी, १९३८ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात. त्यांनी रंगांचं विश्लेषण केलं, आणि नक्षीची तुलना गुजरातच्या वास्तूंमधल्या कोरीव कामाशी केली. पर्सी न्यूबेरी या इजिप्तविद्येच्या अभ्यासकानं असेच तुकडे जमवले होते. न्यूबेरींचा संग्रह १९४६ साली ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात गेला. त्यात सुमारे बाराशे भारतीय तुकडे आहेत. रूथ बार्न्स यांनी त्यांची सूची १९९७ साली प्रसिद्ध केली आणि काही तुकड्यांची कार्बन पद्धतीनं कालनिश्चिती करवली. त्यातले काही दहाव्या-अकराव्या शतकाइतके जुने निघाले. त्याआधी इतकं मागे जायची कुणाची छाती झाली नव्हती.

न्यूबेरी संग्रहातले तुकडे फार देखणे आहेत. हंसांच्या रांगा आहेत, वेलबुट्टी आहे, चक्रं आहेत, अरबी अक्षरांचा आभास करणारी नक्षी आहे. ती काढणाऱ्याला अरबी वाचता येत नव्हतं, पण गिऱ्हाईक कोण हे पक्कं ठाऊक होतं. पश्चिम भारतातल्या जैन कल्पसूत्राच्या पोथ्यांमधल्या स्त्रियांच्या वस्त्रांवर असेच हंस आणि अशीच चक्रं रंगवलेली दिसतात. तिकडे इंडोनेशियात सुलावेसी बेटावर तोराजा लोकांनी विधींसाठी जपलेल्या गुजराती कापडांवरही याच घरातली नक्षी आहे. पूर्वेला आणि पश्चिमेला एकाच मुलुखाचा माल जात होता, हे यावरून नक्की होतं.

तरीसुद्धा एका बाबतीत हे सगळे देखणे तुकडे मुके आहेत. ते कुठे सापडले, हे कुणाला सांगता येत नाही. ‘फुस्तात’ हा दुकानदाराचा शब्द. तुकडा शहराच्या उकिरड्यातला असेल, कुठल्या गावच्या कबरीतला असेल, आणखी कुठला असेल. कुणी नेसला होता, घर श्रीमंताचं होतं की हमालाचं, शेजारी कुठली भांडी होती, कुठलं नाणं होतं, ही सगळी माहिती तो वाळूतून उपसून पिशवीत टाकला त्या क्षणी गेली. शिवाय दुकानदार नक्षीचा भाग तेवढा घेतो आणि साधा, फाटका, विटलेला भाग टाकून देतो. त्यामुळे आपल्यापुढे आलेला नमुनाच एकांगी. बाजारातले तुकडे पाहून मध्ययुगातला इजिप्शियन माणूस कायम हंसांच्या रांगा पांघरून फिरत होता असं वाटू लागतं. कालनिश्चितीचं यंत्र कापसाचं वय सांगेल, पण मालकाविषयी काही सांगायची त्याला सोय नाही.

कुसैरचं कापड नेमकं इथे सरस ठरतं. गिलियन ईस्टवुड यांनी शिकागोच्या उत्खननातल्या कापडाचा अभ्यास केला आणि तिथल्या छापील तुकड्यांवर १९९० साली त्यांचं पुस्तक आलं. उत्खननातल्या या कापडात चांगलं-वाईट असं निवडलेलं नाही. इजिप्शियन लिनन आहे, लोकर आहे, साधं पांढरं सुती आहे, आणि त्यांच्या जोडीला भारतीय छापील आहे. किती साध्यात किती छापील, हे प्रमाण प्रथमच दिसतं. ओळखता येतील असे कपडेही मिळाले. मुलांचे दोन अंगरखे मिळाले, एका स्त्रीचा चेहऱ्यावरचा पडदा मिळाला. या वस्तू कुठल्याही राजाच्या खजिन्यात गेल्या नसत्या. अबू मुफर्रिजच्या गोण्या उतरवणाऱ्या एखाद्याच्या पोरानं असला अंगरखा घातला असेल, असं म्हणायला इथे आधार आहे, आणि बाजारातल्या हंसांविषयी असलं एकही वाक्य लिहिता येत नाही. माझं स्पष्ट मत असं की पत्ता नसलेल्या शंभर सुंदर तुकड्यांपेक्षा पत्ता असलेली एक मळकी चिंधी इतिहासाला जास्त उपयोगी. हे मत सगळ्यांना पटेल असं नाही. संग्रहालयांत काम करणाऱ्या कित्येकांना ते कडक वाटतं. पुढची प्रकरणं वाचून वाचकानं स्वतः ठरवावं.

आपल्याकडे भारतीय व्यापाराची गोष्ट सांगताना मलमल, रेशीम, मोती, हिरे अशी नावं घ्यायची सवय आहे. राजे-महाराजांच्या अंगावरचं कापड म्हणजे भारताचं कापड, असा समज त्यातून रुजला. कुसैरचं कापड जाडंभरडं आहे, विणीत फटी आहेत, छपाई घाईची आहे. पाच हजार किलोमीटर समुद्र कापून, वाटेत एडनचे कर भरून, वाळवंटातल्या उंटाचं भाडं देऊनही ते इजिप्तच्या बंदरगावातल्या साध्या माणसाला परवडत होतं. हे ध्यानात घेतलं की गुजरातच्या कातणाऱ्या, विणणाऱ्या आणि रंगवणाऱ्या माणसांच्या कष्टाचा भाव किती कमी पडला असेल, याचाही विचार करावा लागतो. स्वस्त कापडाच्या मागे नेहमी स्वस्त श्रम असतात. या व्यापाराचं कौतुक करताना त्यांचा हिशेब सोडता येत नाही, आणि हा माल नफ्यात विकणारे व्यापारी कोण होते, हे आपल्याला या राबणाऱ्या माणसांविषयी आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे, हेही खटकायला हवं.

मराठी वाचक साहजिकच विचारील, यात आपलं काय? संशोधकांचा कौल गुजरातच्या बाजूनं आहे, आणि कोकणाचं नाव ओढूनताणून त्यात घालायची गरज नाही. पण आपला किनारा याच समुद्रावर आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी अल-मसूदी चौलला, म्हणजे त्याच्या सैमूरला, येऊन गेला आणि तिथल्या मोठ्या मुसलमान वस्तीविषयी त्यानं लिहिलं. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनं ठाण्याहून बाहेर जाणाऱ्या मालात कातडं आणि सुती कापड नोंदवलं. कैरोच्या जुन्या सिनेगॉगमध्ये सापडलेल्या ज्यू व्यापाऱ्यांच्या पत्रव्यवहारातही ठाणं येतं. त्याच्याही आधी, पहिल्या शतकात, ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्या ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं तगर म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून साधं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जाते असं सांगितलं आहे. तेरची माणसं आपलं कापड इजिप्तपर्यंत जातं हे जाणत असतील की नाही, कुणास ठाऊक. गाडीवानाला भडोचचा रस्ता पुरेसा होता.

आणखी एक धागा मुंबईतून जातो आणि तो मला विशेष प्रिय आहे. मोहेंजोदडोच्या चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेलं कापड कापसाचंच आहे, हे १९२८ साली सांगितलं ते माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेतल्या टर्नर आणि गुलाटी यांनी. पुढे ह. धी. सांकलियांच्या नेवासा इथल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याचे मणी मिळाले. त्या मण्यांत ओवलेला धागा त्याच गुलाटींनी तपासला, तेव्हा त्यात रेशीम आणि कापूस दोन्ही असल्याचं दिसलं. दोन्ही ठिकाणी धागा वाचला तो धातूच्या गंजामुळे. तांब्याचे क्षार जंतूंना जगू देत नाहीत, म्हणून मण्याच्या भोकातला बोटभर धागा साडेतीन हजार वर्षं राहिला. आपल्या ओल्या हवेत कापड असंच टिकतं, कणाकणानं आणि धातूच्या आश्रयानं. तो मणी खोदणाऱ्यानं पाण्यात धुऊन चकचकीत केला असता तर धागाही गेला असता आणि त्याच्याबरोबरचं ज्ञानही. खेड्यापाड्यांत नांगराखाली, पायाच्या खड्ड्यांत, घरदुरुस्तीत आजही तांब्याच्या वस्तू मिळतात. त्या घासूनपुसून शोकेसमध्ये ठेवल्या जातात, हे फार वाईट आहे.

पुढच्या प्रकरणांत पिळाची, विणीची, रंगांची चर्चा सविस्तर येईल. ती रूक्ष वाटली तरी वगळू नये, कारण निष्कर्ष तिच्यावरच टेकलेले आहेत. नक्षीची चित्रं पाहण्याआधी सुताची छायाचित्रं पाहावीत, अशी माझी सूचना आहे. नकाशाही जवळ ठेवावा. कूस, ऐधाब, एडन, खंबायत ही नावं वारंवार येतात, आणि त्यांच्यातली अंतरं डोळ्यांसमोर नसतील तर उंटाच्या भाड्याचं महत्त्व कळत नाही.

वाचकाला एक विनंती आहे. तुमच्या घरात आजी-पणजीचं लुगडं असेल, छापील चादर असेल, जरीचा काठ तेवढा उरलेला असेल, कुणाचं अंगडं-टोपडं असेल, तर ते धुवायच्या, कापायच्या किंवा जरीच्या वजनावर मोडीत द्यायच्या आधी एक कागद घ्या. ते कुणाचं, कुठल्या गावी घेतलं, कुणाच्या लग्नातलं किंवा बारशातलं, कुठल्या साली, कुणी सांगितलं, जे ठाऊक असेल ते पेन्सिलीनं लिहा आणि कागद कापडाच्या घडीत ठेवा. शाई नको, ती ओल लागली की कापडावर उतरते. पुढे ते कापड संग्रहालयाला द्यायचं ठरलं, तर त्या कागदासकट द्या.